वरचं लुगडं

पिकअप दारापुढं उभी राहिली तरी योगिनी ओट्यावरून उठली नाही. तिचे बाबा इंद्रभान आणि ड्रायव्हर मिळून एकेक वस्तू उतरवत होते. अलमारी, कूलर, दिवाणाच्या फळ्या, भांड्यांची पोती. चार वर्षांपूर्वी लग्न झाल्यावर हेच सामान याच दारातून मंगरूळपीरकडे गेलं होतं. आता सोडचिठ्ठी झाली होती. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं, वकिलानं कागद केले, आणि जे जे दिलं होतं ते मेडशीला परत आलं.

शेजारच्या बाया कामाचं निमित्त काढून रस्त्यावरून पुन्हा पुन्हा गेल्या. योगिनीनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. पिकअप वळून गेली, धूळ खाली बसली, तेव्हा ती उठली आणि सामानात शिरली. अलमारीचे कप्पे उघडले. दिवाणाच्या पेटीत हात घातला. भांड्यांची पोती ओट्यावर उपडी केली. पराती, गंज, डबे खणखणत गडगडले.

"काय पाहून राह्यली व?" तिची आई ललिताबाई हात पुसत बाहेर आली.

"वाकय."

"कोनती वाकय?"

"माही. तू शिवली होती थे."

ललिताबाईनं सामानावरून नजर फिरवली. "नसन आली. जाऊ दे. चिंध्याच तं होत्या."

पण योगिनीनं पोती पुन्हा एकदा झटकली.

लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात ललिताबाईनं ती वाकळ शिवली होती. आत बाबांची जुनी धोतरं, योगिनीच्या शाळेच्या गणवेशाचे निळे तुकडे, मावशीची एक विटकी साडी; आणि वरून पिवळ्या फुलांचं मऊ सुती लुगडं. ललिताबाई बोलकी बाई नव्हे. वावर, गुरं, चूल यातून तिला बोलायला फुरसत नसायची. पण त्या उन्हाळ्यात दुपारभर मायलेकी वाकळीच्या दोन बाजूंना बसून टाके घालायच्या, आणि टाका घालता घालता ललिताबाई मधेच कशावरून तरी हसायची. आईचं तसं हसणं योगिनीला दुसऱ्या कुठल्या वेळचं आठवत नव्हतं.

सामान परत आलं त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. भाजी चिरायला बसली की अर्धी चिरून उठायची. वावरात तुरीच्या शेंगा तोडायला जायची आणि बांधावरूनच परत यायची. अलमारी उघडायची, आत काही नाही हे माहीत असून पाहायची, पुन्हा लावायची. अलमारीचं दार कुरकुरायचं, आणि तो आवाज ऐकून चुलीपाशी बसलेली ललिताबाई वैतागायची.

"तुले एका जागी बसवत नाई का व? नवी शिवून देतो म्हनलं ना मी."

"मले नवी नाई पाह्यजे."

"मी जाऊन आणू का मंग?" बाबांनी विचारलं.

"नाई. तुमी नका जाऊ. तुमी त्याइच्या दारात उभे राह्यले तं लोक म्हनतीन, चिंध्याइसाठी आला."

"अन् तू गेली तं काय म्हनतीन?"

योगिनीनं अलमारीचं दार पुन्हा उघडलं आणि लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती वेणी घालून, पर्स खांद्याला अडकवून दारात उभी राहिली. ललिताबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"अंधार पडाच्या आत ये," एवढंच ती म्हणाली.

मालेगावला गाडी बदलावी लागली. मंगरूळपीरच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली, पण तिला बसवेना. शेलूबाजारला गाडी थांबली तशी ती खाली उतरली, पाण्याची बाटली घेतली, आणि कंडक्टरनं घंटी मारल्यावर धावत चढली. सासरच्या माणसांशी काय बोलायचं ते तिनं मनात जुळवून ठेवलं होतं. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला ते मोडत होतं. प्रज्वल घरी नसणार हे तिला माहीत होतं. तो पुण्याकडं चाकणला कंपनीत होता. लग्नानंतर तीन वर्षं तो दिवाळीला येत राहिला, पुढच्या खेपेला तुला घेऊन जातो म्हणत राहिला. शेवटी त्यानंच फोनवर सांगितलं की चाकणला त्याचं एका मुलीशी जुळलेलं आहे, लग्नाच्या आधीपासून. घरच्यांनी ऐकलं नाही म्हणून तो योगिनीसोबत बोहल्यावर उभा राहिला होता. त्यानंतर योगिनी त्या घरात राहिली नाही; वर्षभर ती माहेरीच होती.

घरी असणार ती फक्त रुखमाबाई, तिची सासू. सासरा लग्नाआधीच वारला होता. म्हणजे तीन वर्षं त्या घरात खऱ्या अर्थानं राहिल्या त्या या दोघीच.

मंगरूळपीरहून मानोऱ्याकडं जाणाऱ्या ऑटोनं तिला फाट्यावर सोडलं. आत गावापर्यंत चालत जायचं. दोन्हीकडं तुरी शेंगांनी वाकल्या होत्या. समोरून एक मोटरसायकल आली आणि तिनं ओढणी डोक्यावर घेतली. गाडी निघून गेल्यावर स्वतःचाच राग येऊन ती खाली ओढली.

दार उघडंच होतं. रुखमाबाई अंगणात उन्हाला पाय पसरून बसली होती, आणि तिच्या पायांवर ती वाकळ होती.

"आली?" रुखमाबाई म्हणाली. जागची हलली नाही.

"माही वाकय न्याले आली, मामी." सासूला ती पहिल्या दिवसापासून मामी म्हणायची. आता काय म्हणावं हे ठरवलं नव्हतं, म्हणून जुनंच तोंडात आलं.

"पानी तं पे आधी."

"नाई. मले गाडी हाय. पिकअपमंदी काहून नाई टाकली?"

"ड्रायव्हरनं विचारलं होतं. मीच नाई म्हनलं."

"काहून?"

"थंडी हाय."

"घरात दुसऱ्या वाकया नाईत का?"

"हायेत." रुखमाबाईनं पायांवरचं कापड दोन्ही हातांनी सारखं केलं. "पन हे माही हाय. वरचं लुगडं कोनाचं हाय? माह्या भावाचं."

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच योगिनीला जास्त चीड आली. दुसऱ्या वर्षी कोठीच्या खोलीत उंदरांनी वाकळीचं पिवळं लुगडं कुरतडलं होतं. योगिनी रडकुंडीला आली, तेव्हा रुखमाबाईनं ट्रंक उघडून एक हिरवं लुगडं काढलं. तिचा भाऊ वारण्याआधी शेवटच्या राखीला त्यानं दिलेलं, घडीसुद्धा न मोडलेलं. ते तिनं वाकळीवर अंथरलं आणि म्हणाली, बस त्या बाजूनं. दोघींनी दोन काठांनी टाके घालत घालत मधे गाठ घेतली होती.

"मंग उसवू," योगिनी म्हणाली.

"काय?"

"उसवू. लुगडं तुमचं तुमी ठेवा. खालची वाकय माही, मले द्या."

रुखमाबाई तिच्याकडं पाहत राहिली. रागानं बोलून गेली असेल, आता गप्प बसेल, असं तिला वाटलं असावं. योगिनी जागची हलली नाही. मग रुखमाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली, आणि एक कात्री व अर्धं ब्लेड घेऊन आली. कात्री योगिनीपुढं टाकली, ब्लेड स्वतः घेतलं.

"लाल दोरा तेवढाच काप," ती म्हणाली. "पांढरा तुह्या मायच्या हातचा हाय. त्याले धक्का लागला तं सगळंच सुटन."

अंगणात वाकळ पसरून दोघी दोन बाजूंना बसल्या. टाक्याखाली कात्रीचं टोक घालायचं, दोरा उचलायचा, कापायचा, ओढायचा. शिवताना जवळजवळ घातलेले टाके आता जीव खात होते. योगिनीनं घाईनं ओढलं की कापड चरचरायचं. ती दर थोड्या वेळानं मोबाइलमध्ये वेळ पाहायची. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मान वर करायची.

"कोनी नाई येत," रुखमाबाई खाली बघूनच म्हणाली. "माह्या घरी कोन येते आता?"

योगिनीनं आणखी चार टाके कापले.

"तुमाले माहीत होतं, मामी." योगिनीनं शेवटी तोंड उघडलं. "लग्नाच्या आधीपासून माहीत होतं."

"होतं."

"अन् तरी मले आणलं."

"आणलं. मले वाटलं, सून घरात आली का पोरगा घराकडं पाहीन."

"मी काय दावं हाय का, त्याले बांधाले?"

रुखमाबाईच्या हातातलं ब्लेड थांबलं. "नाई लागलं दावं," ती म्हणाली. "तू वाट पाह्यली तीन वर्सं. मी बी पाह्यली. थो माहाच पोरगा हाय, मले त्याले टाकता येते का? तुले तं येत होतं. तू टाकलं."

"मंग काय कराले पाह्यजे होतं मी?"

"सांगून तं जाते मानूस!" रुखमाबाईचा आवाज एकदम चढला. "मी वावरातून आली, हाका मारल्या. मले वाटलं नळावर गेली. मंग वाटलं मंदिरात गेली. संध्याकाय झाली तवा शेजारची सांगते, तुही सून बॅग घेऊन फाट्याकडं गेली. तीन वर्सं एका चुलीवर खाल्लं आपुन. मी कोनी नव्हती तुही?"

योगिनीच्या हातातली कात्री खाली आली. हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्या सकाळी तिला फक्त निघायचं होतं. पाय थांबतील म्हणून मागं वळून पाहिलं नव्हतं.

"सांगतलं असतं तं जाऊ देलं असतं?" तिनं विचारलं.

रुखमाबाईनं विचार केला. "नाई," ती म्हणाली.

"म्हनूनच."

तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. रुखमाबाईला बटणं नीट दिसत नसत. तिनं डोळ्यांपासून लांब धरून बोट फिरवलं आणि आवाज सगळ्या अंगणात मोकळा झाला. प्रज्वल होता.

"आई, सामान गेलं ना सगळं?"

"गेलं."

"काही राह्यलं तं नाई? नाईतं थे लोक पुन्हा येतीन भांडाले."

रुखमाबाईनं समोर पाहिलं. योगिनीनं कात्री अजून उचलली नव्हती. त्या आवाजासाठी तिनं कधी काळी रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन रेंज शोधली होती. आता तिला फक्त एवढंच वाटत होतं की यानं लवकर फोन ठेवावा, टाके अजून पुष्कळ राहिलेत.

"कोनी नाई येत भांडाले," रुखमाबाई म्हणाली. "जेवला का?"

"जेवलो. तू चाल ना आता इकडं. एकटी काय करतं तठी?"

"वाकय शिवून राह्यली," रुखमाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

दोघींची नजर क्षणभर एक झाली. योगिनीला हसू आलं आणि ते येताच डोळे भरले. तिनं मान खाली घालून कात्री पुन्हा टाक्यात घातली.

"आता काय करशीन?" जरा वेळानं रुखमाबाईनं विचारलं.

"माहीत नाई. लॅबचा डिप्लोमा हाय माहा अकोल्याचा. वाशिमले एका ठिकानी जागा हाय म्हनते मैत्रीण."

"तवाच कराले पाह्यजे होती नोकरी."

"तुमीच म्हनल्या होत्या, पोरगा कमावते तं सुनेनं कायले जा लागते."

"हाव," रुखमाबाई म्हणाली. "म्हनली होती."

ऊन अंगणातून सरकून भिंतीवर चढलं तेव्हा शेवटचा लाल दोरा निघाला. हिरवं लुगडं सुटलं. खाली पिवळ्या फुलांचं कापड दिसलं, उंदरांनी जागोजाग खाल्लेलं. त्या भोकांतून निळा गणवेश डोकावत होता. वाकळ आता एवढीशी, पातळ दिसत होती. योगिनीनं ती गोळा करून छातीशी धरली, आणि इतके दिवस जिच्यासाठी जीव वरखाली झाला ती हीच का, असं वाटून क्षणभर गोंधळली. पलीकडं रुखमाबाई भावाचं लुगडं उन्हाकडं धरून पाहत होती. त्याला टाक्यांच्या ओळीच्या ओळी बारीक भोकं पडली होती. ते आता नेसताही आलं नसतं आणि पांघरताही आलं नसतं.

योगिनीनं मोबाइल पाहिला. फाट्यापर्यंत चालायचं, मग मंगरूळपीर, मग मालेगाव. तरी ती चपला घालायच्या ऐवजी आत गेली. जुन्या कपड्यांचं गाठोडं कोठीत फळीखाली असतं हे तिला ठाऊक होतं. सासऱ्याची धोतरं, एक फाटकी चादर, रुखमाबाईची दोन विरलेली लुगडी. ते सगळं तिनं अंगणात थरावर थर पसरलं, सुरकुत्या काढल्या, वरून हिरवं लुगडं अंथरलं.

"सुई कुठी हाय?"

रुखमाबाईनं कनवटीची पिशवी काढून सुई दिली. योगिनीनं चार कोपरे टाचले, मग कडेनं लांब लांब टाके घालून सगळे थर पकडून ठेवले.

"मधातलं तुमी भरा," ती म्हणाली. "बसल्या बसल्या होईन."

रुखमाबाई वाकून थर चाचपत होती. "तुहं काही टाक ना मंदी," ती हळूच म्हणाली. "हे ओढणी टाक. जुनीच दिसते."

योगिनीचा हात ओढणीकडं गेला. ओढणी खरंच जुनी होती, आणि देणं अवघड नव्हतं. पण ती द्यायची नाही हे तिला त्या क्षणी फार स्पष्ट कळलं.

"नाई मामी. माहं काही अठी ठेवत नाई मी."

रुखमाबाईनं मान हलवली. "जा मंग," ती म्हणाली. "गाडी चुकन."

"सांगून चालली मी," योगिनी म्हणाली.

"हाव. ऐकलं."

ती जवळजवळ पळतच फाट्याला आली.

मेडशीला उतरली तेव्हा दिवे लागले होते. बाबा स्टँडवरच उभे होते; तिच्या हातातली वाकळ घेऊन त्यांनी खांद्यावर टाकली आणि ते पुढं चालू लागले. घरी ललिताबाईनं ती बल्बखाली पसरली. उंदरांनी खाल्लेल्या जागा पाहिल्या, मग टाक्यांची ती बारीक भोकं बोटानं चाचपली.

"हे काय झालं?"

योगिनीनं सांगितलं. उंदरांचं, हिरव्या लुगड्याचं, दिवसभर उसवल्याचं. रुखमाबाईच्या लुगड्याचे कोपरे टाचून आल्याचंही सांगितलं. आई यावर चिडेल असं तिला वाटलं होतं.

ललिताबाई बराच वेळ वाकळीवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी बी गेली होती एकदा निघून. या घरातून. तू झाली नव्हती तवा."

दारात बसलेल्या बाबांनी मान वळवली आणि पुन्हा रस्त्याकडं केली.

"मानोऱ्याले गेली, माह्या मायच्या घरी. बापानं रातभर राहू देलं अन् सकायी यष्टीत बसवून वापस आणून सोडलं. काय झालं म्हनून कोनी विचारलं नाई. ना बापानं, ना मायनं." ती थांबली. "तू आली तवा म्हनून मी बी विचारलं नाई. मले वाटे, विचारलं का मंग वापस जा म्हना लागते."

योगिनी आईकडं पाहत राहिली. वर्षभर ती या घरात कुणी काही विचारत नाही याचा अर्थ लावत फिरली होती. कधी वाटायचं यांना लाज वाटते, कधी वाटायचं यांना फरकच पडत नाही.

"काय झालं होतं तुले?" तिनं विचारलं.

"माहं मंग सांगतो," ललिताबाई म्हणाली. बाबा उठले, गुरांना पाणी दाखवतो असं पुटपुटत गोठ्याकडं गेले. ललिताबाईनं वाकळीची एक बाजू आपल्या पायांवर ओढली, दुसरी योगिनीकडं सरकवली. "आधी तू सांग. पहिल्यापासून सांग."

योगिनीनं सुरुवात केली. मधेच ती उठली, पाणी प्यायली, अंगणात एक फेरी मारून आली. ललिताबाई तिथंच बसून राहिली आणि ती परत आली की म्हणायची, "हं. मंग?"